जात्यावरून बैठकीत

दिवाळी जशी दिव्यांची, तशीच ती आवाजांचीही आहे. आजच्या मुलांना दिवाळीचा आवाज कोणता म्हणून विचारले, तर ती फटाक्यांचे नाव घेतील. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारले, तर ती बहुधा जात्याचे नाव घेईल. चकलीची भाजणी, लाडवाचे बेसन, अनारशाचे पीठ, हे सारे एके काळी घरच्या जात्यातूनच निघत असे. सणाच्या आधीचे आठ-दहा दिवस पहाटेच्या अंधारात घराघरांतून घरघर सुरू होई आणि तिच्यावर तरंगत एखाद्या बाईचा आवाज शेजारच्या वाड्यापर्यंत जाई. मग गावात गिरणी आली, आणि आता तर घरोघर घरघंटी आली आहे. जाते थांबले म्हणून कोणा बाईने डोळ्यांतून पाणी काढल्याचे मी ऐकलेले नाही. पायलीपायलीचे दळण ज्यांनी रोज ओढले, त्यांच्या तळहातांचे घट्टे ज्याने पाहिले असतील, तो जात्याच्या आठवणीने उसासे टाकणार नाही. हात सुटले हे उत्तमच झाले. पण हातांबरोबर गाणेही सुटले, आणि ते कुठे गेले याची चौकशी मात्र फारशी कोणी केली नाही.

या लेखात मी तीच चौकशी करणार आहे. मी हिंगोली जिल्ह्यातल्या साखरा या गावचा शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, कादंबऱ्या लिहितो, म्हणून लोक लेखक म्हणतात. संगीतशास्त्राचा पंडित मी नाही. परंतु या गाण्याचा माग काढीत गेलो तेव्हा ते मला अशा ठिकाणी भेटले, की जिथे त्याची गाठ पडेल असे वाटले नव्हते. ते जुन्या संस्कृत ग्रंथांत भेटले, देवासच्या एका आजारी गवयाच्या खोलीत भेटले आणि थेट युरोपातल्या लिथुआनिया नावाच्या लहानशा देशातही भेटले. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न पुढे आला : बायकांनी कामाच्या ओघात रचलेले गाणे जाणकारांच्या बैठकीत गेले, की त्याचे भले होते की वाईट?

पहिली गोष्ट ही, की असे जाणे आजचे नाही. आपले संगीतशास्त्र फार पूर्वीपासून 'मार्ग' आणि 'देशी' असा भेद मानीत आले आहे. मतंगाच्या 'बृहद्देशी' या ग्रंथात देशी संगीताची जी व्याख्या आहे ती मला फार आवडते. स्त्रिया, मुले, गुराखी आणि राजेही आपापल्या मुलखात आपल्या आवडीने, प्रेमाने जे गातात ते देशी, असे तो सांगतो. या यादीत राजा सर्वांच्या शेवटी आहे, आणि बाई सर्वांच्या आधी आहे!

पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा ज्ञानकोशासारखा ग्रंथ केला. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे ज्ञानेश्वरी होण्याच्या दीडशे वर्षे आधी, उखळ-मुसळापाशी बसलेल्या आपल्या खापरपणज्यांचे गाणे एका राजाच्या कानी गेले होते आणि ते लिहून ठेवण्याच्या योग्यतेचे त्याला वाटले होते. तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा विद्वान होता. दरबारात त्याच्याकडे हिशेबाचे मोठे खाते होते. या हिशेबनिसाने लिहिलेला 'संगीतरत्नाकर' हा साऱ्या हिंदुस्थानच्या संगीताचा आधारग्रंथ ठरला. उत्तरेचे गवई आणि दक्षिणेचे विद्वान, दोघेही त्याला मानतात. तो आपल्या मराठवाड्यात लिहिला गेला, हे आपल्याच मुलांना सांगावे लागते. त्या ग्रंथात नाना प्रकारच्या गेय रचना सांगितल्या आहेत आणि त्यांत ओवीचेही नाव आहे. जात्याजवळची ओवी दरबारी शास्त्रग्रंथात अशी सातशे-आठशे वर्षांपूर्वीच जाऊन बसली होती.

मग 1290 साली नेवाशाला ज्ञानेश्वरांनी तीच ओवी उचलली आणि सुमारे नऊ हजार ओव्यांत गीतेचा अर्थ सांगितला. ज्यांना संस्कृत येत नाही त्यांच्यासाठी लिहायचे, तर साचा त्यांच्या ओळखीचा हवा, हे त्यांनी जाणले. पण एक बदल झालाच. कांडणाची ओवी गायिली जाई, ग्रंथातली ओवी मुख्यतः वाचली जाऊ लागली. शब्द मोठे झाले, चाल मागे राहिली.

ही मागे राहिलेली चाल म्हणजे काय, हे थोडे सांगितले पाहिजे. जाते एकटीने ओढले तर हात पूर्ण फेरा मारतो. समोरासमोर दोघी बसल्या तर खुंटा दोघींच्या मुठीत असतो, आणि अर्धा फेरा एकीचा, अर्धा दुसरीचा, असे चालते. एक हात खुंट्यावर, दुसऱ्या हाताने जात्याच्या तोंडात मुठीमुठीने दाणे घालायचे. ओवीचा चरण त्या फेऱ्यांवर बेतलेला असतो. जिथे दगड जड जातो तिथे स्वर लांबतो, जिथे घास संपून जाते हलके होते तिथे चरण झपकन उतरतो. टाकी लावून आणलेले जाते वेगळे बोलते, गुळगुळीत झालेले वेगळे. त्या बाईसमोर तंबोरा नव्हता, पण जात्याची अखंड घरघर हाच तिचा षड्ज होता. ताल धरायला तबलजीची गरज नव्हती, कारण ताल तिच्या खांद्यात होता. अशा चालीला स्वर किती लागणार? तीन, चार, फार तर पाच. त्यांतच माहेर, भाऊ, सासुरवास, लेकरू, पंढरी, सगळे मावते.

आमच्या शाळेत एक जुनी पेटी आहे. गावातल्या एका आजींच्या ओवीचे स्वर पेटीवर काढावेत, असे मुलांनी आणि मी एकदा ठरविले. आजी ओसरीवर बसल्या. जाते नव्हते, म्हणून त्यांनी रिकामाच हात हवेत फिरवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे ओवी आली. पहिले तीन स्वर मुलांनी चटकन हुडकले. चौथा काही केल्या सापडेना. एक पट्टी दाबली की तो थोडा खाली वाटे, शेजारची दाबली की थोडा वर. तो बरोबर दोन पट्ट्यांच्या मधे होता, आणि आजी दर खेपेला नेमक्या त्याच जागी जात होत्या. मुलांची तारांबळ पाहून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "गुर्जी, पेटीला दळण कुठं ठावं हाय?" संगीतात ज्याला श्रुती म्हणतात, तिच्यावर मी पुष्कळ वाचले होते, पण ती मला त्या दिवशी ओसरीवर समजली.

आता शब्दांचे पाहा. ओवीच्या शब्दांची काळजी महाराष्ट्राने बऱ्यापैकी घेतली आहे. साने गुरुजींनी स्वातंत्र्यापूर्वीच हजारो ओव्या जमवून 'स्त्रीजीवन' हा संग्रह काढला. दुर्गा भागवतांनी लोकसाहित्याचे शास्त्र मराठीत आणले. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या वतीने खंडामागून खंड प्रसिद्ध केले. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन भारतीय झालेले गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. या शेवटच्या कामाचे मोठेपण असे, की त्यांतल्या कित्येक ओव्या ध्वनिमुद्रित आहेत आणि गाणारीचे नाव, तिचे गावही लिहिलेले आहे. आपल्या मराठवाड्यातल्या माजलगावच्या बायांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्याही त्यांत आहेत. जात्यावर फक्त देवच येतो असे नाही, तिथे इतिहासही येऊन बसतो.

पण चालीचा वाली कोण? 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा साकी, दिंडी, ओवी या घरगुती आणि कीर्तनातल्या चाली नाटकात आल्या. प्रेक्षकांना त्या ओळखीच्या होत्या, म्हणूनच संगीत नाटक त्यांना परके वाटले नाही. फडावरची लावणी दिवाणखान्यात आली तेव्हा तिची बैठकीची लावणी झाली. पाय थोडे थांबले, स्वर अधिक फिरू लागला. आपल्या गंगाखेडची जनाबाई घ्या. आमच्याच जिल्ह्यातल्या नर्सीशी ज्यांचे नाते सांगतात, त्या नामदेवांच्या घरी ती दासी होती. तिच्याबरोबर विठ्ठल दळू लागला ही कथा जात्यावर बसलेल्या प्रत्येक बाईने आपलीच मानली. त्या संतांचे अभंग गेल्या शतकात भीमसेन जोशींसारख्या गवयांनी मोठमोठ्या सभांत नेले. हे सारे चांगलेच झाले. तथापि या प्रत्येक प्रवासात बैठकीने लोकांकडून शब्द घेतले, छंद घेतला, आणि स्वर बहुधा स्वतःचे घातले. ज्याने उलटे केले, म्हणजे लोकांच्या स्वरालाच गुरू केले, असा एक गवई मात्र आपल्यात होऊन गेला. त्याचे नाव कुमार गंधर्व.

कुमारांचे मूळ नाव शिवपुत्र कोमकली. 8 एप्रिल 1924 रोजी बेळगावजवळच्या सुळेभावीला त्यांचा जन्म झाला. लहानपणीच ते बड्या गवयांचे गाणे हुबेहूब गाऊन दाखवीत आणि सभा थक्क करीत. पुढे मुंबईला प्रोफेसर देवधरांकडे ते शिकले. विशी ओलांडली तेव्हा देशभर नाव झाले होते, 1947 मध्ये भानुमतींशी विवाह झाला होता, आणि त्याच सुमारास क्षयाने गाठले. डॉक्टरांनी गाणे बंद केले. हवा कोरडी म्हणून 1948 च्या जानेवारीत हे जोडपे माळव्यातल्या देवासला गेले. देवास हे पवारांचे जुने मराठी संस्थान, त्यामुळे परमुलखातही मराठी बोली कानावर पडत होती. भानुमतींनी शाळेत नोकरी धरली, घर चालविले, आजाऱ्याची सेवा केली. आणि पंचविशीच्या आतला हा गवई खाटेवर पडून राहिला. गायचे नाही, मोठ्याने बोलायचेही नाही, अशी वर्षे गेली.

गाणाऱ्या माणसाला गाणे बंद केले तर त्याच्यापाशी काय उरते? कान उरतात. खिडकीबाहेरून माळव्याच्या बाया जात. कोणी पाण्याला, कोणी शेताला, कोणी लग्नाची गाणी म्हणत. नाथपंथी जोगी निर्गुणी भजने गात दारावरून जात. कुमार ऐकत राहिले. लहानपणापासून त्यांनी जे ऐकले होते, ते पुढे गाऊन दाखविण्यासाठी ऐकलेले होते. हे ऐकणे वेगळे होते, कारण आता आपण पुन्हा गाऊ की नाही याचीच खात्री नव्हती. स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध तेव्हा मिळू लागले होते. त्याने प्राण वाचले. पण एक फुफ्फुस कायमचे दुबळे झाले. 1953 च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा पूर्वीचा लांब दमसास राहिला नव्हता. छोट्या छोट्या, झटकन उमटणाऱ्या स्वरवाक्यांचे गाणे आले. कामात गुंतलेली बाई दमाने जेवढे गाते तेवढ्याच लांबीची ती वाक्ये होती, असे मला नेहमी वाटते.

त्यांनी नेमके काय केले? लोकधुनेत बहुधा तीन-चार स्वर असतात, आणि राग म्हणायला निदान पाच तरी हवेत असे शास्त्र सांगते. कुमारांनी म्हटले, की धुनेत स्वर थोडे असले तरी तिच्यात दिशा असते. कोणत्या स्वरावर ती रेंगाळते, कोणत्या स्वराला नुसती शिवते, कुठून वळते, हे पाहिले की न गायिलेले स्वर कुठे असतील ते कळते. रोपट्याची दोन पाने पाहून माळ्याने झाड ओळखावे तसे हे आहे. या रीतीने त्यांनी मालवती, लगनगंधार, संजारी, सहेली तोडी, अहिमोहिनी असे राग सिद्ध केले आणि त्यांना 'धुनउगम' म्हटले. म्हणजे धुनेतून उगवलेले. अहिमोहिनी हे नावच सापाला मोहविणाऱ्या पुंगीची आठवण देते. या रागांच्या बंदिशी त्यांच्या 'अनूपरागविलास' या ग्रंथात आहेत. त्याचा पहिला भाग 1965 साली प्रसिद्ध झाला. माळव्याच्या लोकधुनांचा एक स्वतंत्र कार्यक्रमही त्यांनी बांधला, आणि गीतवर्षा, गीतहेमंत, गीतवसंत या कार्यक्रमांतून ऋतूंची गाणी बैठकीत आणली.

त्यावर टीका झाली नाही असे नाही. घराण्याची चौकट मोडली, शास्त्रात खेडवळपणा आणला, असे म्हणणारे पुष्कळ होते. कुमारांचे सांगणे असे, की सारे राग मूळचे धुनांतूनच आले आहेत. आपल्या रागांची नावे नुसती आठवून पाहावीत. सोरठ, मांड, पहाडी ही मुलखांची नावे आहेत. गुर्जरी तोडीत गुजरात आहे, अहीर भैरवात गवळी आहेत, जोगियात दारोदार फिरणारा जोगी आहे. आज जे राग आपण शुद्ध आणि अभिजात म्हणून डोळे मिटून ऐकतो, त्यांच्या वंशावळीत कुठेतरी गुराखी आहे आणि पाणवठ्यावरची बाई आहे. मतंगाने देशीच्या व्याख्येत बाईला पहिले स्थान दिले ते उगीच नव्हे.

आता थोडे दूर जाऊ. पाश्चात्त्यांकडे 'चेंबर म्युझिक' म्हणून एक प्रकार आहे. शब्दशः खोलीतले संगीत. शंभर वादकांचा ताफा नाही, नाट्यगृह नाही. चार-दोन वादक एकमेकांच्या नजरेला नजर देत जवळ बसतात, आणि मोजके श्रोते ऐकतात. दोन व्हायोलिने, एक व्हायोला आणि एक चेलो, ही त्याची सर्वांत मान्य बैठक. आपल्या ख्यालाच्या मैफलीला याहून जवळचा पाश्चात्त्य नातलग नाही. या बैठकीतही खेड्यातले गाणे गेले आहे. हंगेरीचा बेला बार्टोक विसाव्या शतकाच्या आरंभी ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन खेड्याखेड्यांतून हिंडला, म्हाताऱ्याकोताऱ्यांची गाणी मुद्रित केली, आणि मग चार वाद्यांसाठी ज्या सहा मोठ्या रचना केल्या, त्यांत त्या गाण्यांचे वळण मुरविले. पण माझे मन त्याच्याहून अधिक गुंतले ते लिथुआनियात.

बाल्टिक समुद्राच्या काठचा हा देश. सारी लोकसंख्या तीस लाखांहूनही कमी. त्यांची भाषा ऐकून आपल्याकडचा संस्कृत जाणणारा माणूस दचकावा अशी आहे. मुलाला ते 'सूनुस्' म्हणतात, आपल्याकडे 'सूनु'. अग्नीला 'उग्निस्', देवाला 'दिएवस्', स्वप्नाला 'सापनस्'. आणि तिथल्या बायकाही हाताने जाते ओढीत, आणि जाते ओढताना गात! लिथुआनियन श्रमगीतांत दळणाच्या गाण्यांचा एक वेगळा वर्गच आहे. त्यांत दगडाच्या घुमण्याची नक्कल करणारे शब्द असतात, आणि विषय काय, तर बाईचे कष्ट, सासरचा जाच आणि माहेरची ओढ. हजारो कोसांवर, बर्फात, राय नावाचे धान्य दळणारी बाई आणि आमच्याकडे जोंधळा दळणारी बाई एकच गोष्ट बोलत होती.

त्यांच्याकडे आणखी एक प्रकार आहे, सुतार्तिनेस. हे ईशान्य भागातल्या बायकांचे गाणे. दोघी-तिघी एकाच वेळी वेगवेगळ्या चाली गातात, आणि त्यांचे स्वर मुद्दाम एकमेकांना खेटून चालतात; जणू एकीने षड्ज धरावा आणि दुसरीने त्याच क्षणी ऋषभ. आपल्या कानाला प्रथम ते बेसूर वाटते. मग ध्यानात येते, की दोन घंटा शेजारी शेजारी वाजाव्यात तसा तो नाद आहे, आणि तो थरथरणारा नादच त्यांना हवा आहे. मी ते मोबाइलवर ऐकले तेव्हा मला पेटीच्या दोन पट्ट्यांमधला तो स्वर आठवला.

एकोणिसाव्या शतकात रशियन झारच्या राजवटीने 1864 पासून 1904 पर्यंत, चाळीस वर्षे, लॅटिन लिपीत लिथुआनियन पुस्तके छापण्यास बंदी केली होती. पुस्तके सरहद्दीपलीकडे छापून चोरून आणावी लागत. पण गाण्याला लिपी लागत नाही. आंतानास युश्का नावाच्या धर्मगुरूने त्या काळात खेड्यांतून गाणी जमविली. त्याच्या संग्रहातल्या सतराशेंवर चाली पुढे 1900 साली पोलंडमधल्या क्राकोव्ह शहरी छापल्या गेल्या. त्यांतली एक चाल स्ट्राविन्स्की या रशियन संगीतकाराने उचलली. 1913 साली पॅरिसला त्याच्या 'वसंतविधी' या नृत्यनाट्याच्या पहिल्या प्रयोगात प्रेक्षकांनी गोंधळ माजविला. त्या जगप्रसिद्ध रचनेच्या आरंभी बसून नावाचे सुषिरवाद्य जी धून छेडते, ती हीच. ती कोणा बाईच्या तोंडची, हे त्या सभागृहात कोणाला ठाऊक होते?

लिथुआनियाच्या स्वतःच्या संगीतकारांनी वेगळी वाट धरली. चित्रकार म्हणूनही थोर असलेला चुरल्योनिस 1911 साली अल्पवयात वारला, पण तोवर त्याने कित्येक लोकगीतांना गायकवृंदासाठी आणि पियानोसाठी रूप दिले होते. पुढे 1940 नंतर देश सोव्हिएत सत्तेखाली गेला. त्या काळात 1978 साली ब्रोन्युस कुताविच्युस याने 'मूर्तिपूजकांचे अखेरचे विधी' ही रचना केली. तिच्यात लोकगीताची सजावट नाही. सुतार्तिनेसचा जो धर्म, म्हणजे थोडे स्वर, पुनःपुन्हा फिरणारा फेरा, एकमेकींवर चढणारे आवाज, त्यावरच सारी इमारत आहे. त्याच्यानंतरचे संगीतकार आजही लहान लहान वाद्यमेळांसाठी त्याच मुशीतून रचना करीत आहेत. कुमारांनी रागाच्या घरात जे केले, ते यांनी आपल्या घरात केले. आणि याचा परिणाम उलट दिशेनेही झाला. विसाव्या शतकात खेड्यांतून जवळजवळ लोपलेले सुतार्तिनेस शहरातल्या मुलींनी जुन्या संग्रहांवरून आणि उरल्यासुरल्या वृद्धांकडून शिकून पुन्हा गायला घेतले. 2010 मध्ये युनेस्कोने त्याची मानवजातीच्या वारशात नोंद केली. 1988 नंतर या लोकांनी स्वातंत्र्यासाठी जी चळवळ केली तिला जग 'गाणारी क्रांती' म्हणते, आणि 11 मार्च 1990 रोजी त्यांनी आपले स्वातंत्र्य पुन्हा जाहीर केले.

हे वाचताना मराठवाड्याच्या माणसाला आपले घर आठवल्याशिवाय राहत नाही. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. 17 सप्टेंबर 1948 ला तो अंमल संपेपर्यंत सुशिक्षित मराठी माणसाला आपली भाषा दरबाराच्या दाराबाहेर ठेवावी लागे. त्या पिढ्यांत मराठी कोणी सांभाळली असे विचारले, तर आपण साहित्य परिषदा, वाचनालये आणि खासगी मराठी शाळा यांची नावे घेतो, आणि ती घेतलीच पाहिजेत. पण ज्या बाईला कोणतीच लिपी येत नव्हती, तिच्या भाषेत कोणती राजवट ढवळाढवळ करणार होती? पहाटे चारला जात्यावर ती मराठीतच बोलत होती.

तर मग बैठकीत गेल्याने गाण्याचे भले होते की वाईट? एक पक्ष म्हणतो, बैठक म्हणजे गाण्याचे सोने होणे. नाहीतर ते मातीतच जायचे. दुसरा म्हणतो, बाईचे गाणे तिच्या कामापासून तोडून दिवाणखान्यात नेले की ते मेलेच; उरते ती शोभेची वस्तू. दोन्हींत तथ्य आहे. घट्टे न पडलेल्या हाताला ओवीचा सगळा अर्थ लागणार नाही, हे खरे. पण आता घट्टे पाडून घ्या असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार? जाते परत येणार नाही आणि येऊ नये. म्हणजे गाण्याला दुसरे घर शोधणे भाग आहे.

माझ्या मते कसोटी एकच लावावी. बैठकीतून उठलेला माणूस घरी गेल्यावर ओसरीवरच्या म्हातारीचे गाणे पूर्वीपेक्षा अधिक लक्ष देऊन ऐकतो का? ऐकत असेल, तर बैठकीने घेतलेले परत दिले. कुमारांच्या मालवतीने आणि कुताविच्युसच्या फेऱ्यांनी हे केले, म्हणून मी त्यांना मानतो. तरीही एक देणे उरतेच. मालवती, संजारी ही नावे रसिकांच्या ओठी आहेत. ज्यांच्या धुनांतून ती उगवली त्या बायांची नावे कोणाच्या ओठी नाहीत. ओव्यांच्या त्या मोठ्या संग्रहात गाणारीचे नाव आणि गाव लिहिले जाते, ते मला म्हणूनच संशोधनाहूनही मोठे काम वाटते.

आमच्या साखऱ्यात अशी गाणी येणाऱ्या बाया आता मोजक्याच राहिल्या आहेत आणि बहुतेकींची सत्तरी उलटली आहे. लग्नात हळद दळताना अजून जात्याची पूजा होते, खुंट्याला हळदकुंकू लागते, दोन ओव्या म्हटल्या जातात, आणि मग मांडवात डीजे सुरू झाला की तिसरी कोणाला ऐकू येत नाही. तुमच्या गावी याहून फार निराळे नसेल. ओवीचा सर्वांत लाडका नायक भाऊ आहे. देवालाही तिथे भावानंतर जागा मिळते. तेव्हा भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर, जेवणे उरकल्यावर, लेकीबाळी माहेरच्या ओसरीवर टेकल्या असतील, अशा वेळी घरातल्या थोरल्या बाईला एक ओवी म्हणायला सांगावी. प्रथम ती "आता कुठं येतंय" म्हणेल. तिचा हात हातात घेऊन थोडा गोल फिरवावा, म्हणजे येईल. आजकाल प्रत्येकाच्या खिशात मुद्रणयंत्र असतेच. चाल जशीच्या तशी घ्यावी, मधे कोणी बोलू नये. आणि शेवटी तिचे नाव तिच्याच तोंडून घ्यावे. सासरचे, माहेरचे, आणि ज्या गावच्या जात्यावर ती हे शिकली त्या गावचेही.